बारा माणसांचं टेबल

टेम्पो फाटकाशी थांबला तेव्हा तेरेझा रिकाम्या ओसरीच्या पायरीवर बसली होती. नणंद इर्मिनबाय ड्रायव्हरशेजारून सांभाळून उतरली. म्हापशाहून आली होती ती. बरोबर दोन हमाल, दोरखंड आणि टेबलाला ओरखडा पडू नये म्हणून जुन्या गोधड्या.

घर विकलं गेलं होतं. घेणारा तिथे होम स्टे काढणार होता. तेरेझासाठी मुलाने कुडाळला स्वतःच्याच बिल्डिंगमध्ये दोन खोल्या बघितल्या होत्या. गेले काही दिवस ती वस्तू वाटत सुटली होती. वाटणाचा दगडी रगडा शेजारच्या राधाबाईंना दिला, पाणी तापवायचं तांब्याचं भाण चर्चच्या स्वयंपाकघराला, गेलेल्या नवऱ्याचे, मिंगेलचे कोट कोणी मागितले त्याला. कशातच तिचा जीव अडकला नाही. सायबिणीची, मदर मेरीची मूर्ती तेवढी साडीत गुंडाळून बाजूला ठेवली.

इर्मिनबाय थेट जेवणाच्या खोलीत गेली आणि तशीच बाहेर आली.

"टेबल खंय आसा?"

"दिलंय."

"दिलंस? फोनवर काय सांगलंय मी तुका? बाकी काय नको, पप्पाचा टेबल तेवढा ठेव म्हणान. कोणाक दिलंस?"

"चला, दाखवतंय," तेरेझा म्हणाली आणि चपला घालून पुढे झाली.

त्या टेबलाशी बारा माणसं बसत. अस्सल सागवान, कडेला द्राक्षाच्या वेलीचं कोरीवकाम. तेरेझा लग्न होऊन आली त्या साली नाताळला घर भरलं होतं. दोन दिवस राबून तिने सगळा स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं आणि मिंगेलच्या शेजारची खुर्ची ओढली. तेव्हा इर्मिनबाय भरल्या पंगतीत म्हणाली होती, "तुझ्या हातांक मासळीचो वास येता गो. पाव्हणे जेवतत. तू भीतर बस."

लग्नाआधी तेरेझा आईबरोबर बाजारात मासे विकायला बसायची. मिंगेलने तिला पाहिलं ते तिथेच. ते सगळ्यांना ठाऊक होतं. मिंगेलने रश्शात पाव बुडवला आणि खाली मान घालून तो जेवत राहिला. तेरेझाने खुर्ची जागच्या जागी सरकवली, आत जाऊन चुलीपुढे पाटावर बसली. पुढे सासू गेली, सासरे गेले, मिंगेलही गेला. ती टेबल रोज पुसायची. जेवायची मात्र आतच.

म्हणून इर्मिनबायचा फोन आला तेव्हा ती फक्त "येवा" म्हणाली, आणि फोन ठेवल्या ठेवल्या सुतार मंगेश मेस्तांना बोलावलं.

"सागवान आसा, वयनी," करवत हातात घेऊन मेस्त म्हणाले. "पाप लागतला."

"लागांदे," ती म्हणाली.

टेम्पो मागोमाग येऊन मासळी बाजाराबाहेर थांबला. आत सकाळची गर्दी होती. इर्मिनबायने नाकाला रुमाल लावला, झगा उचलून धरला आणि ती तेरेझाच्या मागून चालू लागली. कोपऱ्यात तेरेझाची भाची प्रिन्सी बसायची, गिऱ्हाइकांना मासे कापून द्यायला. आज तिच्यापुढे जुनी फळी नव्हती. पाय गुडघाभर उंचीवर कापलेलं एक लांबरुंद टेबल होतं. त्यावर सुरमईचा ढीग, खवले, आतडी. लाल पाणी कडेच्या वेलीतून वाट काढत खाली ठिबकत होतं.

इर्मिनबायने ती वेल ओळखली. रुमाल नाकावरून कधी खाली आला तेही तिला कळलं नाही.

"पप्पान माका ह्या टेबलार बसान लिवक शिकयल्यान," ती म्हणाली.

"शिकयल्यान आसात," तेरेझा म्हणाली.

"तू ह्या मुद्दाम केलंस."

"होय. मुद्दाम केलंय."

एक गिऱ्हाईक पिशवी पुढे करून थांबलं होतं. प्रिन्सीने एकदा आत्याकडे पाहिलं, एकदा त्या म्हाताऱ्या बाईकडे, आणि सुरी खाली ठेवली.

"आज मिंगेल आसाक होयो होतो," इर्मिनबाय म्हणाली.

"होतो मगे तो. त्या दिवशी तुझ्या बाजूकच बसलेलो."

आजवर तेरेझा नणंदेला कधी एकेरी बोलली नव्हती. तिने जवळचं प्लास्टिकचं स्टूल पायाने पुढे सरकवलं. "बस, इर्मिन. जागा आसा."

इर्मिनबाय बसली नाही. मग ती वळली आणि भिजल्या फरशीवरून, कोणाचा आधार न घेता, निघाली. बाहेर टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. हमाल कशावर तरी हसत होते, ते मधेच गप्प झाले.

तेरेझा त्या स्टुलावर स्वतः बसली. दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले.

प्रिन्सीने हळूच विचारलं, "आत्या, बरा वाटला?"

तेरेझाने तळहाताला चिकटलेला खवला झटकला.

"अजून नाय," ती म्हणाली आणि सुरी उचलून पुढची सुरमई आपल्याकडे ओढली.