मालवायची कोणी

सवयीनं अंगठा मेणबत्तीच्या बुडाखालच्या बटणावर गेला आणि ती मालवली. मगच एल्स्पेथच्या ध्यानात आलं, की ओस्ला अजून खिडकीपाशीच बसली आहे.

"तुम्ही मालवलीत," ओस्ला म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"अगं, हात सवयीनं गेला. चुकलंच माझं, बाळा." एल्स्पेथनं घाईघाईनं बटण पुन्हा दाबलं. प्लास्टिकची ज्योत दोनदा मिचमिचली आणि लागली.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या या विद्यापीठात सगळ्या धर्मांना मिळून एकच खोली होती. एकांचं आटपलं की दुसरे यायच्या आत क्रूस कपाटात, उशा कपाटात, घंटी कपाटात. सगळे देव त्या एका कपाटात गुण्यागोविंदानं नांदत. खऱ्या ज्योतीला मात्र बंदी, कारण धूर दिसला की वाजणारा छताचा भोंगा कुठल्याच देवाची भीड ठेवत नाही. म्हणून या सेलवरच्या मेणबत्त्या. आवरताना त्या बंद करायच्या, नाहीतर सेल उतरतात. विद्यापीठाची पाद्री म्हणून एल्स्पेथ आली तेव्हापासून ती हेच करत होती. आताही सूर्यास्ताच्या नमाजाला मुलं यायची होती, म्हणून तिनं आवरायला घेतलं होतं.

ओस्ला दुपारी आली होती. शेटलंड बेटांवरच्या कोळ्याची पोर. वडिलांच्या बोटीचा कालपासून पत्ता नव्हता.

"माझा देवाबिवावर विश्वास नाही हं," तिनं आल्याआल्या बजावलं होतं. "पण बोट बाहेर असली की आमच्याकडे खिडकीत दिवा ठेवतात. हॉस्टेलवाले ठेवू देत नाहीत." मग ही मेणबत्ती हातात घेऊन ती चक्क हसली होती. "प्लास्टिकची? बाबांनी बघितली तर पोट धरून हसतील."

मग ती मेणबत्ती खिडकीत ठेवून तिथंच बसली होती. समोरच्यानं मागितल्याशिवाय प्रार्थना म्हणायची नाही, असा या खोलीचा नियम. एरवी एल्स्पेथला तो जाचायचा. आज ती त्याच्याआड लपून बसली होती आणि त्याची तिला लाज वाटत होती. मागितली असती तरी कुठली म्हणणार होती?

"मालवली तर काही होतं का गं?" तिनं न राहवून विचारलं.

"आम्ही नाही मालवत. जो परत येतो, तोच मालवतो. बाबा ओल्या बोटांनी मालवायचे. चर्र वाजायचं. मग आई चहा टाकायची."

भिंतीवर नमाजाच्या वेळांचा तक्ता होता. ओस्ला पुन्हा पुन्हा त्यातल्या सूर्यास्ताच्या आकड्याकडे बघत होती. अंधार पडला की शोध थांबवू, असं तटरक्षकांनी सकाळीच सांगितलं होतं.

फोन वाजला. ओस्ला ऐकत राहिली. "बरं," म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा, "बरं."

"थांबवला," तिनं फोन खिशात टाकला. "मावशी न्यायला आलीय. खाली उभी आहे."

एल्स्पेथनं दोन्ही हात पुढे केले, पण ओस्ला कोट चढवत होती. त्या हातांचं काय करायचं ते एल्स्पेथला समजेना. शेवटी तिनं मुलीचा मफलर नीट केला.

दारातून ओस्ला वळली. "ती मालवू नका. प्लीज."

"नाही मालवणार," एल्स्पेथ म्हणाली. दिवसभरात तेवढं एकच ठाम वाक्य तिला बोलता आलं.

नमाजाची मुलं आली. सगळ्यांत पुढे झुबेर, काखेत चटया. खिडकीतली मेणबत्ती बघून त्यानं भुवया उंचावल्या. "आज आवरायचं राहिलं वाटतं? आम्ही एक चप्पल विसरलो तर केवढं बोलता!"

एल्स्पेथनं काय ते सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"राहू द्या तिथंच," तो म्हणाला. "आम्ही सरकून घेतो." त्यानं चटया अंथरल्या आणि परत खिडकीशी आला. "एल्स्पेथ, हिचे सेल उतरलेत."

खरंच उतरले होते. ज्योत पिवळ्याची तपकिरी झाली होती.

झुबेरनं कपाट उघडलं, सगळ्या देवांच्या मागून नवे सेल शोधून काढले. "आणा इकडे. आत्ता बदलतो."

एल्स्पेथनं मेणबत्ती उचलली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"अहो, द्या ना. फक्त जुने काढायचे, क्षणभर विझेल, आणि..." झुबेर मध्येच थांबला.

बाहेर समुद्र दिसेनासा झाला होता. मागे मुलं रांगेत उभी राहून झुबेरची वाट बघत होती. त्याच्या तळहातावर नवे सेल तसेच होते, आणि एल्स्पेथच्या हातातला उजेड कमी कमी होत होता.