छोटं कुटुंब

लाइपझिगला नातीच्या शाळेतलं चित्रप्रदर्शन पाहताना तावरे सर हरखून गेले. कुणी जांभळी गाय काढलेली, कुणी ढगात शाळा. "इथं कुणी खोडायला लावत नाही?" त्यांनी विचारलं. नात दुभाषी झाली.

चित्रकलेच्या उर्सुलाबाई हसल्या. "आता नाही. माझ्या लहानपणी इथं कम्युनिस्टांचं सरकार होतं. तेव्हा आम्ही रणगाडे काढायचो आणि हसरे कामगार."

सरांना आणीबाणीतला आपला वर्ग आठवला आणि ते सांगू लागले. सारवलेली जमीन, रंगांच्या वड्या, पोरांची निळी बोटं. तपासणीला साहेब येणार, म्हणून सगळ्यांना 'छोटं कुटुंब' काढायला दिलेलं. कौसल्येनं मात्र स्वतःसकट सहाही भावंडं ओळीनं उभी केली होती, धाकटं कडेवर. "दोनच ठेव," सर म्हणाले. तिनं खोडरबर उचलला, चित्राकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "सर, कुणाला खोडू?"

"मग?" उर्सुलाबाईंनी हळूच विचारलं.

"नोकरी नवी होती. चौघं मीच खोडली." सर जांभळ्या गाईकडे पाहत म्हणाले. "साहेबांनी त्याच चित्राला पहिला नंबर दिला. शाळा सुटल्यावर पोरगी ते तिथंच ठेवून गेली."