नवं माप

"पाय सरळ सोड बघू," म्हणत शिबिरातल्या सरांनी माझ्या रेवूच्या लुळ्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा नवाकोरा कॅलिपर लावला. त्याचा सांधा गुडघ्याच्या पार खाली राहिला.

"ताई, पोरगी वाढलीय की तुमची!"

"दोन वर्षांपूर्वी माप घेतलंत. वाढणार नाही तर काय, दगड आहे ती?" मी ओरडलेच.

सर ओशाळले. "वरूनच उशिरा येतं, ताई. परत पाठवतो. नवं माप घेऊ."

रेवूनं कॅलिपर दोन्ही हातांनी धरून ठेवला. "बसतोय ओ सर, थोडासाच टोचतोय." या जूनला ती माझ्या पाठीवरून नाही, स्वतःच्या पायांनी शाळेत जाणार होती. सरांनी तिची बोटं एकेक करून सोडवली.

नवं माप देऊन घरी आलो. मी तिच्यापुढे नाचणीच्या आंबिलीचा वाडगा ठेवला. पायांत जोर यावा म्हणून लहानपणापासून पाजतेय, आणि ती चाटूनपुसून संपवते. आज तिनं वाडगा लांब सारला.

"भूक नाही का गं?"

"आहे." तिची नजर वाडग्यावरच होती. "पण आई, कॅलिपर येईस्तोवर मी एवढीच राहणार."