पंक्तिप्रपंच

पारा बेचाळीसवर गेला होता आणि दोन्ही शेडमधल्या कोंबड्या मजेत दाणे टिपत होत्या. डॉक्टर शिरगुप्पेंनी कपाळावर हात मारला.

आवळा, तुळस, अश्वगंधा यांची पूड खाद्यात मिसळली की कोंबड्यांना ऊन बाधत नाही, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. म्हणून महिनाभर पूड फक्त पहिल्या शेडला द्या, दुसरीला नुसतं खाद्य, असं त्यांनी कोंबड्या सांभाळणाऱ्या हौसाक्कांना तीनदा बजावलं होतं.

"आक्का, दुसऱ्या शेडलाही पूड घातलीत?"

"मग? बिचाऱ्या चोची वासून धापा टाकत होत्या. शेजारणींना औषध आणि ह्यांना नुसता भरडा? असला पंक्तिप्रपंच मला न्हाई जमत. दोन्हीकडं निम्मी निम्मी घातली."

"अहो, मग औषधाचा गुण येतो हे मला कळणार कसं?"

"मला तर दुसऱ्याच दिवशी कळलं की! धापा थांबल्या," हौसाक्का म्हणाल्या. "तुमाला महिना लागतोय व्हय?"

डॉक्टर घामाघूम होऊन आ वासून बघत राहिले. ते बघून हौसाक्कांनी डब्यातली चिमूटभर पूड ताकात कालवली आणि पेला त्यांच्यापुढं धरला.