चित्राखालची ओळ

अंदमानातून सुट्टीवर आलेल्या फौजी जयराजच्या ट्रंकेतून निघालेला तळहाताएवढा कोळी झोपलेल्या बाळाच्या छातीवर चढला. जयराजनं चप्पल उगारली. “थांब रं, दाबलास तर चावंल,” आबा पुटपुटले. सून रडकुंडीला आली. “मामंजी, आपुन शिराळ्याची माणसं नागाला न्हाई भीत, पर ह्यो इखारी हाय का?” आबांनी चष्मा सावरला. पायांवर पिवळे पट्टे, पाठीवर पांढरा त्रिकोण. फक्त त्या बेटांवर सापडणारा, पुस्तकात पाहिलेला हाच तो दुर्मीळ कोळी. चित्राखालची ओळही आठवली: ‘विषाविषयी माहिती नाही.’ “न्हाई गं, अजिबात न्हाई,” एरवी अडखळणारे आबा ठामपणे म्हणाले आणि त्यांनी तळहात बाळाच्या छातीला टेकवला. कोळी सावकाश हातावर आला. सुनेनं बाळ उचललं. “आबा, बिनइखारी हाय न्हवं, द्या हिकडं,” हसत जयराजनं हात पुढं केला. आबा चटकन मागे सरकले.