अंगरख्यातलं वशिंड

या बाबांनो, जरा जवळ सरका. एका अंगरख्याची गोष्ट सांगतो.

शेवगावचा सहादेव पोळ्याच्या झुली शिवायचा. त्याची झूल पाठीवर पडली की मरतुकडा बैलही नवरदेव दिसे. पण माणसाचा कपडा कुणी त्याच्याकडे शिवायला टाकीना, हे त्याला सलत होतं. म्हणून सप्ताहाला येणाऱ्या बुवांचा अंगरखा त्याने हट्टाने शिवायला मागून घेतला.

"बैलांचा शिंपी तू," बुवांनी नाक मुरडलं, "तुला माणसाचं काय जमणार?"

"कला येकच असती बुवा. हात बसला की बैल काय अन् मानूस काय!"

"बैल तक्रार करत न्हाई, म्हनून नाव हाय तुमचं," त्याची बायको मालनबाई आतून बोललीच.

तिचंच खरं झालं. ऐन कीर्तनात अंगरखा घालून बुवा मोबाईलच्या कॅमेऱ्यांपुढे ताठ उभे राहिले आणि मानेमागे कापडाचं वशिंड टरारून वर आलं. झुलीत ठेवतात तशी वशिंडाची जागा सहादेवने सवयीने अंगरख्यातही सोडली होती! त्याने डोळेच मिटले. बुवा घाईने वाकले, तसं ते वशिंड खाली बसलं. मग काय, देवापुढेही मान न लववणारे बुवा अख्खं कीर्तन वाकूनच उभे. "केवढी ही नम्रता!" म्हणत सारा मंडप त्यांच्या पायांवर लोटला.



आता बुवा सगळे अंगरखे सहादेवकडेच टाकतात; तेव्हा बाबांनो, फार वाकलेला कुणी दिसला, की आमच्या सहादेवची आठवण काढा.