चार जण, एक मन

"भारत एक आहे!" तात्यांनी गर्जना केली आणि सतरंजीवर पसरलेल्या नकाशावर मूठ आपटली. नकाशा नर्मदेपाशी टरकन फाटला. अंबूबाईंनी, म्हणजे तात्यांच्या कुटुंबानं, आतून वाटीभर खळ आणून दिली. ती वाळेपर्यंत देश दोन तुकड्यांत पडून राहिला.

गांधी शताब्दीचं वर्ष होतं. शेजारच्या पेठेनं एकात्मतेसाठी पायी यात्रा काढली होती, म्हणून या पेठेला सायकली काढणं भागच होतं. कोल्हापूर ते दिल्ली. जाणार चौघे: पुढारी तात्या, विमा कचेरीतला यज्ञेश्वर, सायकल दुकानवाला बाळासो आणि हायस्कुलात चित्रकला शिकवणारा कृष्णात. पन्हाळ्याचा चढ खाली न उतरता चढणारा चौघांत तेवढा कृष्णातच. परवा सकाळी निघायचं होतं, आणि तो कोपऱ्यात बसून यात्रेचा पत्र्याचा फलक रंगवत होता.

"ट्यूबा झाल्या, पंप झाला, घाटासाठी ब्रेकची जादा रबरं झाली," बाळासो म्हणाला. "आता मुक्काम बोला. पयला कराड. माझ्या बहिणीचं सासर. पावण्यांनी कोंबडं बांधून ठेवलंय."

"पुणं माझ्याकडे. मावशी आहे," यज्ञेश्वर म्हणाला. "इंदूरला काका, ग्वाल्हेरला काकांचे साडू. श्रीखंडाचा बेत आहे म्हणून कळवलंय त्यांनी."

"नाशकात आमची चुलती," तात्या म्हणाले.

देश खरोखरच एक होता. दिल्लीपर्यंत सगळीकडे यांचेच पाहुणे होते.

मग बाळासो खाकरला. "एक बारीक गोष्ट हाय. कराडची म्हातारी जुन्या वळणाची. पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी आडनाव इचारती."

कृष्णातचं आडनाव कांबळे. ते पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पेठेत.

"आम्ही बौद्ध झालो त्याला तेरा वर्षं झाली," कृष्णात ब्रश न थांबवता म्हणाला.

"ते तुला-मला रं. म्हातारीला कोण सांगनार?"

"मावशीशी मी बोललो असतो," यज्ञेश्वर म्हणाला, "पण तिचं सोवळं कडक. एरवी माणूस म्हणून फार प्रेमळ आहे."

कृष्णातनं ब्रश डब्यात ठेवला. "मी बाहेर झोपतो की. ताडपत्रीचा तंबू शिवलाय. राधानगरीला जंगलात झोपून बघितलंय, पाऊस आत येत न्हाय. जेवण माझं मी करून घेतो."

तात्या दचकले. "एकात्मतेची यात्रा, आणि तिघं माडीवर नि एक अंगणात? पेपरवाल्यानं फोटू काढला म्हंजे? तोंड दाखवाय जागा ऱ्हाईल व्हय आपल्याला?"

"मग चौघंबी तंबूत झोपू."

हा विचार नवीन होता. तिघांनी तो प्रामाणिकपणे करून पाहिला.

"आणि ते कोंबडं?" बाळासोनं विचारलं.

यज्ञेश्वरला श्रीखंड आठवलं.

"तात्या, माझी रजा मंजूर झालीया," कृष्णात म्हणाला. त्याचा आवाज आता बारीक झाला होता. "उद्या शाळेत पोरं हार घालणार हायत. वर्गाच्या भिंतीवर माझी सायकल काढलीया त्यांनी. पार दिल्लीपतोर रस्ता रंगवलाय."

"मग घे की घालून!" बाळासो म्हणाला. "हाराला कोण नगं म्हनतंय?"

यज्ञेश्वर उठला आणि त्यानं कृष्णातच्या खांद्यावर हात ठेवला. तो सुधारक होता. खांद्यावर हात ठेवायला कधी मागं-पुढं पाहत नसे. "हे बघ, वाटेत कुठं तुझा अपमान झाला तर आम्हाला तो सहन व्हायचा नाही. तुझ्यासाठी म्हणून नको, निदान आमच्यासाठी तरी तू येऊ नकोस."

तात्यांचा लोकशाहीवर विश्वास होता. त्यांनी मत घेतलं. तीन हात वर गेले. कृष्णातचे दोन्ही हात रंगानं भरले होते, त्यामुळे ते मोजायचा प्रश्न आला नाही. ठराव एकमतानं पास झाला.

खळ वाळली होती. बाळासोनं नकाशा उचलून झटकला, देश टिकला. अंबूबाईंनी चहा आणला. कृष्णात जायला म्हणून उठला, चपला शोधू लागला. त्याला पाहून तात्यांचे डोळे खरोखरच पाणावले.

"कृष्णात, तुझ्याबिगर यात्रेला मजा न्हाय बघ," ते म्हणाले. "चढाला तुझी आठवण निघंल."

डोळे पुसता पुसता त्यांची नजर फलकावर गेली. पांढऱ्या पत्र्यावर निळी अक्षरं मोत्यासारखी उठली होती: 'कोल्हापूर ते दिल्ली. चार जण, एक मन.'

तात्या वाकले. त्यांनी एका अक्षराला हलकेच बोट लावलं. बोट निळं झालं.

"अजून ओलं हाय," ते म्हणाले. "रॉकेलच्या चिंधीनं निघंल. जाता जाता त्या 'चार'चं तेवढं 'तीन' करून जा की. आमच्यात कुणाचं अक्षर धड न्हाय."